नऊ पावसाळ्यांचं लोणचं

आषाढ अर्धा सरला तरी मंगलची दोन खाचरं लावायची राहिली होती. तोरण्याच्या पायथ्याला पाऊस लागला की तो कुणाची सोय बघत नाही, आणि बाई एकटी असली की पॉवर टिलरवालाही बघत नाही. आधी सगळ्या वाडीची चिखलणी, मग उरलासुरला वेळ हिला, असा त्याचा दरवर्षीचा नेम. त्यामुळं सगळ्यांची भातं हिरवी होऊन वाऱ्यावर डोलायला लागली तेव्हा मंगल डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, कमरेत वाकून, रोपांची मूठ डाव्या हातात धरून एकटीच मागं मागं सरकत होती.

लावणी हे खरं तर एकटीचं काम नाही. शेजारी दुसरी बाई असली की कंबर बोलण्यात विसरते. एकटीनं लावायला घेतलं की ओळ वाकडी जाते, आणि वाकडी गेली हे सांगायलाही कुणी नसतं. नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, लेक नूतन भोंगवलीला दिलेली होती, आणि या पाच वर्षांत मंगलची एकही ओळ सरळ गेली नव्हती.

"काकू."

तिनं मान वर केली. वरच्या बांधावर छत्री धरून इंद्रजित उभा होता, तिच्या थोरल्या दिराचा मुलगा. शिरवळला कंपनीत असतो, लग्न झालेलं, आईच्या दुखण्यासाठी आठवडाभराची रजा काढून आलेला. त्याच्या पायाशी लिंबोणीचं खोड होतं, गुडघ्याइतकं, कुजून काळं पडलेलं.

"आईच्या पोटात काय ठरत न्हाई, काकू. पुण्यात किमोची तिसरी सुई झाली. पाण्याचा घोट बी उलटून पडतोय."

"ऐकू येतंय मला," मंगल म्हणाली. दोन्ही घरांच्या मधली भिंत एका विटेची होती. पलीकडं कुणी ओकलं की अलीकडं हातातला घास थांबायचा.

"ती खारातलं लिंबू मागतीय."

मंगलनं हातातली मूठ पाण्यात नुसतीच हलवली.

"बाजारातनं तीन बाटल्या आणल्या. जिभेला लावलं आन् थुकली. म्हणली, हे न्हवं, मंगलच्या फडताळात बघ."

"भावजींना ठावं हाय?"

"न्हाई. त्यांच्या कानावर घालू नका म्हणली."

"हाय का न्हाई, बघते," मंगल म्हणाली आणि पुन्हा वाकली. इंद्रजित गेला. त्यानंतर तिनं लावलेली ओळ इतकी वाकडी गेली की शेवटी तिलाच ती उपटून पुन्हा लावावी लागली.

औषधाला म्हणून मागितलेल्या लिंबाला नाही म्हणायचं नसतं, अशी वाडीतली रीत. वैरी मागायला आला तरी वाटीत घालायचं, कशाला पाहिजे ते विचारायचं नाही. मंगलनं ही रीत मोडली होती, एकदा नव्हे, दोनदा. पलीकडच्या आळीतली धोंडाबाई नातीच्या तापात मागायला आली आणि पुढं स्वतःच्या दुखण्यात आली. दोन्ही वेळेला मंगलनं तोंड वर करून सांगितलं होतं, "संपलं की मावशे." बरणी तेव्हा फडताळात भरलेली होती. तिनं ती उघडलीच नव्हती.

बरणी दोघींची होती, मंगलची आणि इंद्रजितच्या आईची, सखूबाईची. नऊ वर्षांपूर्वीच्या माघात लिंबोणीला फांद्या टेकतील एवढी लिंबं लागली. ओसरीवर पाय पसरून दोघी जावा बसल्या. मंगलनं लिंबाला चार चिरा द्यायच्या, देठाशी धरून ठेवायच्या. सखूबाईनं त्यात जाडं मीठ दाबून भरायचं. मीठ सखूबाईकडं, कारण मंगलच्या हाताला घाम यायचा आणि घामेजल्या हातानं लोणचं नासतं. तेल नाही, मसाला नाही. पहिल्या वर्षी हे लिंबू पिवळं असतं, दुसऱ्या वर्षी तपकिरी, पुढं काळं होत जातं. आणि एकदा काळं झालं की ते ताटात वाढत नाहीत, औषधाला ठेवतात. बरणीच्या तोंडावर सखूबाईनं पांढऱ्या धोतराच्या फडक्याचा दादरा बांधला आणि सुतळीची अशी गाठ मारली की मंगल बघतच राहिली.

"आता ही माझ्याबिगर उघडायची न्हाई तुला," सखूबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्याच वैशाखात मोजणी आली. साखळी ओढली आणि लिंबोणी बरोबर बांधाच्या मधोमध निघाली. मंगलचा नवरा सोमनाथ म्हणाला आमची, थोरला भाऊ सर्जेराव म्हणाला आमची. पंधरा दिवस शब्दाला शब्द वाढत गेला आणि एका सकाळी सर्जेराव कुऱ्हाड घेऊन गेला. झाडच नको म्हणजे भांडण नको, असा त्याचा विचार. मोठा शहाणा माणूस. झाड गेलं, भांडण तेवढं राहिलं. त्या उन्हाळ्यातच घरात मधली भिंत उभी राहिली, भांडी वाटली गेली, आणि नवऱ्यांनी अबोला धरला म्हणून बायकांनीही धरला. धरा असं दोघींना कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

सोमनाथ गेला तेव्हा सर्जेरावानं खांदा दिला, सखूबाई येऊन कोपऱ्यात बसली, रडली. पण बोलली नाही. मंगलला तिचा राग आला होता तो त्या दिवशी. झाडाचा नव्हे.

आणि तरी तिनं ती गाठ सोडली नव्हती. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, म्हणून बरं, की कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी तिनं नूतनला फोन लावला. लेक माहेरच्या बाबतीत नेहमीच घाईवर असायची, पण लोणच्याचं नाव काढल्यावर थांबली.

"आई, जरा दम, मोबाईलवर बघते." मग थोड्या वेळानं, "हे बघ. घरचं लोणचं वरीसभर. मीठ जास्ती आसंल तर दोन वर्सं. नऊ वर्सं कुठंच लिवल्यालं न्हाई."

"लिवणाऱ्यांनी नऊ वर्सं ठिवलं नसंल."

"मस्करी करू नगो. त्या घरात काय बी धाडायचं न्हाई. काकी आज हाय, उद्या न्हाई. तिचं बरं-वाईट झालं तर काका पयलं म्हणत्याल, मंगलनं लोणच्यातनं घातलं. गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हाईल का?"

नूतन खोटं बोलत नव्हती. सर्जेराव तसं म्हणेल, आणि वाडीतली निम्मी माणसं मान हलवतील. उरलेली निम्मी तिच्या दारावरून जाताना पाऊल लवकर उचलतील. आत्तासुद्धा तिच्या दारात चार माणसं येत होती ती गरजेपुरतीच. तीही बंद झाली असती.

दुसऱ्या दिवशी पावसानं जरा उघडीप दिली. दुपारी तिनं फडताळ उघडलं. वेल्ह्याच्या पावसात फडताळातलं काही टिकत नाही. पापड मऊ पडून वातड झाले होते, मिरच्यांवर पांढरी बुरशी धरली होती, गूळ सुटून ताटलीभर पसरला होता. उन्हाळ्यात केलेल्या गुळांब्याच्या बाटलीवर साय आल्यासारखं काहीतरी दिसत होतं. तिनं एकेक बाहेर काढून खाली ठेवलं. सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बरणी होती. खालून पांढरी, खांद्याला तपकिरी, आणि दादऱ्यावर नऊ वर्षांची धूळ ओल खाऊन काळी झालेली.

हात धुतले, पदराला कोरडे पुसले, पुन्हा पुसले. गाठ नखानं सुटेना. विळी घेतली आणि ठेवून दिली. कापली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. शेवटी पोती शिवायचं दाभण घेऊन ती उंबऱ्यात उजेडाला बसली आणि सुतळीचा एकेक पदर उकलत गेली. अर्धा तास गेला. पलीकडं सखूबाई ओकत होती. पोटात काही नसताना माणूस ओकतं तेव्हा तो आवाज निराळाच असतो, कोरडा. मंगलचा हात दोनदा घसरला.

दादरा निघाला. वास आला तो आंबट नव्हता. जुन्या चिंचेसारखा, थोडा गोडसर, जड. आत लिंबं काळीशार होऊन एकमेकांना चिकटली होती. रस आटून दाट झाला होता, बरणीच्या गळ्याला मिठाचे खडे धरले होते. बुरशीचा ठिपका नव्हता. तिनं लाकडी डाव आत घातला, तळातून वर आणला, तळालाही काही नव्हतं. तरीपण डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं असं नाही, हे तिला कळत होतं.

मग तिनं ठरवलं. अर्धं लिंबू ताटलीत काढलं आणि भाकरीशी खाल्लं. सगळं, सालासकट. जिभेला झिणझिण्या आल्या, कानशिलं तापली, डोळ्यांत पाणी आलं. वर तांब्याभर पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून वाट बघत बसली.

आता एक दिवस थांबायचं. काही झालं तर आपल्याला, काही नाही झालं तर उद्या वाटी न्यायची. हिशोब सोपा होता, पण बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, आपल्याला काही झालं तर ते कळणार कुणाला? नूतन फोन करते तो चार दिवसांनी. धोंडाबाई आठवड्यानं. भिंतीपलीकडची माणसं ऐकतील, पण ऐकून येतील कशाला? तिनं उठून दाराची कडी काढून ठेवली. निदान दार फोडायला लागू नये. हे केलं आणि तिचं तिलाच इतकं वाईट वाटलं की ती रडली. बऱ्याच दिवसांत रडली नव्हती, त्यामुळं रडणंही नीट जमेना.

दुसऱ्या दिवशी ती शेवटच्या खाचरात उतरली. सगळा जीव पोटाकडं लागलेला. दहा वाजता पोटात गुडगुडलं आणि ती चिखलात तशीच उभी राहिली, हातात मूठ धरून. बराच वेळ उभी राहिली. मग लक्षात आलं, सकाळपासून आपण काही खाल्लेलंच नाही. बांधावर बसून चटणी-भाकरी खाल्ली, गुडगुड थांबली. दिवस मावळायला आला तेव्हा लावणी संपली होती, हातापायांची बोटं पाण्यानं पांढरी पडली होती, आणि कधी नव्हे ती सणसणून भूक लागली होती.

तिनं हातपाय धुतले, धुवट लुगडं नेसलं. पितळी वाटीत दोन लिंबं काढली, वर बशी झाकली, पदर डोक्यावरून घेऊन निघाली. तिच्या दारापासून पलीकडच्या दारापर्यंत आठ-दहा पावलं. ती चालायला नऊ वर्षं लागली होती, आणि त्यात पाऊस पुन्हा सुरू झाला.

इंद्रजित कुठं दिसला नाही; ओसरीवर सर्जेराव विळ्याला नवी मूठ बसवत होता. सत्तरी गाठलेला, अंगानं अजून ताठ. त्यानं मान वर केली, आणि मंगल पागोळ्यांखालीच थांबली. वर ये असं तो म्हणाला नाही.

"काय हाय?"

"लिंबू. अक्कांनी मागितलं व्हतं."

"कुणाला धाडून मागितलं?"

मंगलनं इंद्रजितचं नाव घेतलं नाही. सर्जेरावानं विळा खाली ठेवला.

"कवाचं हाय?"

"नऊ वर्साचं. आमी दोगींनी घातल्यालं."

"नऊ वर्साचं," तो म्हणाला. "आन् ते तू आजारी माणसाला आणलंस."

"म्या खाल्लंय काल. अर्धं खाल्लं. काय झालं न्हाई."

"मला काय ठावं तू खाल्लंस का न्हाई?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "खा हितं. माझ्या म्होरं."

धाकटी भावजय थोरल्या दिरापुढं पदरसुद्धा ढळू देत नाही. त्याच्यासमोर ती कधी पाणी प्यायली नव्हती, सोमनाथ जिवंत असताना एका घरात राहूनही नाही. पंगतीला तो उठून गेल्यावरच ती बसायची. मंगलनं बशी काढली, एका लिंबाची फोड तोडली आणि भिंतीकडं वळून तोंडात घातली.

"तोंड हिकडं कर."

ती वळली. पदर डोक्यावर, पागोळ्या खांद्यावर, आणि ती सर्जेरावाच्या डोळ्यांदेखत लिंबू चावत उभी राहिली. आंबटानं गाल आत गेले, डोळे बारीक झाले, तोंडाला सुटलेलं पाणी ओठाच्या कडेला आलं ते तिला पुसावं लागलं. लाज अशी वाटली की चिखलात आडवं व्हावं. सर्जेराव बघत होता. तिनं गिळलं तेव्हा त्याचीच मान खाली गेली.

आतून आवाज आला, बारीक, पण ओळखू येण्यासारखा. "आवो, येऊ द्या तिला आत. इस्कोट करू नका आता."

सर्जेरावानं पाय आवरून वाट दिली.

सखूबाई गोधडीवर भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला रुमाल होता आणि त्याखाली केस नव्हते. हातावरचं गोंदण तेवढं तसंच राहिलं होतं, बाकीचा हात वाळून गेला होता. मंगलला वाटलं होतं, आत गेल्यावर आपल्याला पुष्कळ बोलता येईल. ती गोधडीच्या कडेला टेकली.

"खायला लावलं व्हय तुला?" सखूबाईनं विचारलं.

"व्हय."

"म्या ऐकलं." तिनं वाटीकडं पाहिलं. "गाठ कापलीस?"

"न्हाई. दाभणानं सोडली."

"किती येळ लागला?"

"अर्धा तास."

सखूबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसायला गेली असावी. "म्हणली व्हती म्या," ती म्हणाली.

मंगलनं फोड तिच्या हातावर ठेवली. सखूबाईनं ती जिभेवर घेतली, डोळे मिटले. मंगल शेजारची पाटी हाताशी धरून बसली, कारण आता उलटी होणार. उंबऱ्याशी सर्जेराव येऊन उभा राहिला होता. सखूबाई चोखत राहिली. घसा हलला. पुन्हा हलला. मग तिनं तोंडातून दोन बिया हातावर काढल्या आणि म्हणाली, "भात आसंल तर घाल दोन घास. मऊ."

सर्जेराव घाईनं चुलीकडं गेला तेव्हा त्याचा पाय तांब्याला लागून पाणी सांडलं. 

भात पोटात राहिला. त्या दिवसापासून मंगल रोज दिवस मावळताना एक फोड घेऊन जायची. सर्जेराव तिला बघून ओसरीवरून उठून गोठ्यात जायचा. कधी माफी मागितली नाही, आणि मंगलला त्याच्याकडून ती नकोच होती. दोघी जावा बसायच्या. फार बोलायच्या नाहीत. कधी सखूबाई विचारायची, लावणी कशी झालीय, आणि मंगल सांगायची, ओळी वाकड्या. "तुझ्या कवा सरळ व्हत्या?" सखूबाई म्हणायची. नऊ वर्षांत तिला असं कुणी बोललं नव्हतं. घरी येऊन मंगल ते एकटीच पुन्हा म्हणून बघायची.

नऊ वर्षं का बोलली नाहीस, हे मंगलनं विचारायचं ठरवलं होतं. रोज ठरवायची. सखूबाई बिया हातावर काढायची, उशाशी एका वाटीत टाकायची, ती मंगलचीच पितळी वाटी. त्या आवाजावर उद्या विचारू असं म्हणून मंगल उठायची.

"बरणीत किती हायती?" एकदा सखूबाईनं विचारलं.

"निम्मी बरणी हाय."

"मग पुरतंय."

मंगलला आधी बरं वाटलं. घरी येऊन दार लावताना त्याचा अर्थ कळला.

श्रावण गेला. भादव्यात, गौरी बसायच्या आधी, इंद्रजित सखूबाईला गाडीत घालून पुण्याला घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी परत घेऊन आला तो चादरीत. विचारायचं राहून गेलं. मंगलनं तिला न्हाऊ घातलं, डोक्याला पदर बांधला. सर्जेराव दाराच्या चौकटीला धरून उभा होता. नूतन भोंगवलीहून आली, आईच्या कानाशी म्हणाली, "कुणी काय बोललं का तुला?" कुणी काही बोललं नव्हतं. मंगलला वाटलं, बोलले असते तरी चाललं असतं.

तेरावा झाला. इंद्रजित आणि त्याची बायको स्नेहल शिरवळला परतली. बापाला चला म्हणाली, तो गेला नाही. आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस राहिलं. पलीकडं पातेलं वाजलं की मंगलला कळायचं, भात टाकला. थोड्या वेळानं करपल्याचा वास यायचा. आधी ओकण्याचा आवाज नकोसा व्हायचा. आता भिंतीला कान लावला तरी बहुतेक वेळ काही नसायचं.

वाटी तिकडंच राहिली होती. मंगलनं मागितली नाही. बांधावर समोरासमोर आले की सर्जेराव दुसरीकडं बघत म्हणायचा, "वाटी द्यायची हाय." मंगल म्हणायची, "असू द्या." असं चार-पाच वेळा झालं. नऊ वर्षांनी त्यांच्यात सुरू झालेलं बोलणं एवढंच होतं, आणि ते एका वाटीवर चाललं होतं.

कोजागिरी झाली, पाऊस पूर्ण गेला, खाचरं वाळली, भातं पिवळी पडली. एका सकाळी मंगल अंगण झाडत असताना सर्जेराव दारात आला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. हातात घासून लख्ख केलेली पितळी वाटी, वर हाताचा पंजा झाकलेला.

"रिकामी वाटी कशी धाडायची म्हणून ऱ्हायली," तो म्हणाला. "बाईमाणूस असतं तर कायतरी घालून दिली असती. मला काय सुचंना."

त्यानं पंजा काढला. वाटीत लिंबाच्या बिया होत्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, तपकिरी, मूठभर तरी असतील.

"ती टाकून देत न्हवती. ह्यातच साठवायची. म्या मागनं धुतल्या." त्यानं घसा साफ केला. "रुजत्याल का?"

मंगलनं त्याच्याकडं पाहिलं. हा माणूस उभा जन्म शेतात राबलेला. बियाणं ओलीच्या जागी ठेवलं तर वाया जातं म्हणून कणगीला शेण-मातीचा हात मारणारा. नऊ वर्षं मिठाच्या खारात मुरलेली बी रुजत नाही, हे शेंबडं पोर सांगेल. ते त्याला माहीत नसेल असं नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत होता, आणि या वेळी पदर सारखा करायचं तिच्या ध्यानात आलं नाही.

"बघू की लावून," ती म्हणाली.

"कुठं लावाव्यात?"

"जितं व्हती तितंच."

सर्जेरावानं मान हलवली. दोघं बांधावर गेले, तो पुढं, ती मागं दहा पावलं सोडून. त्यानं कुदळीनं कुजकं खोड उपटून काढलं. चार घावांत निघालं. माती खणून मऊ केली. मंगलनं बोटानं खळगे पाडून एकेक बी टाकली आणि वरून माती सारली. मग वाटी पदराखाली घेऊन ती घरी आली, त्यानं कापणी धरली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ती तांब्याभर पाणी घेऊन गेली. ऑक्टोबरचं ऊन, बांधाची माती भेगाळलेली, पण तेवढी हातभर जागा ओली होती. कुणीतरी आधीच येऊन पाणी घालून गेलं होतं. मंगल उभी राहिली, इकडंतिकडं बघितलं. खाली खाचरात सर्जेराव तिच्याकडं पाठ करून भात कापत होता.

तिसऱ्या दिवशीही तसंच, चौथ्याही. महिना गेला. उगवलं काहीच नाही, कोंब नाही, गवताचं पातं नाही. माती रोज सकाळी ओली असायची. मंगलनं तिच्या वेळेत बदल केला नाही, त्यानंही केला नाही. ती रोज जायची, ओल्या मातीवर आपला तांब्या रिकामा करायची आणि घरी येऊन चूल पेटवायची.